जुगाराची शिक्षा ठरवतो कोण?

श्रावण लागला की शहापूर-मुरबाडकडच्या गावांत पत्त्यांचे डाव बसू लागतात. लावणी उरकलेली असते, पाऊस बाहेर पडू देत नाही, गोकुळाष्टमीचे आणि त्यामागून गणपतीचे जागरण येते. कुठे ओटीवर घरचीच माणसे दहा-वीस रुपयांवर तीन पत्ती खेळतात. कुठे गावाबाहेरच्या शेतघरात बाहेरून माणसे बोलावून, प्रत्येक डावामागे जागेचे पैसे कापून, रात्रभर अड्डा चालतो. नाक्यावरच्या टपरीत कोणी कागदाच्या कपट्यावर आकडा लिहून घेतो. आणि एखादा पोरगा कोपऱ्यात बसून मोबाइलवर रमी खेळत असतो.

पैसा या चारही ठिकाणी लागतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र ही चार वेगळी प्रकरणे आहेत. पहिल्यात बहुधा गुन्हाच घडत नाही. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात तुरुंगवास आहे. चौथ्यात खेळ चालवणाऱ्या कंपनीसाठी कोटी रुपयांपर्यंतचा दंड आहे, खेळणाऱ्या पोरासाठी शिक्षा नाही. हा फरक कोणी ठरवला, कोणत्या अधिकाराने ठरवला आणि तो आज न्याय्य राहिला आहे का, हे गावातल्या प्रत्येकाला कळले पाहिजे. कारण जुगाराच्या गुन्ह्यात पकडला जातो तो बहुतेक वेळा खेळणारा मजूर किंवा टपरीवाला असतो. ज्याच्या तिजोरीत पैसा जमा होतो तो क्वचितच.

अधिकाराचे मूळ

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र आणि राज्य यांच्यात विषयांची वाटणी केली आहे. राज्यसूचीतील ३४ वी नोंद पैज आणि जुगार यांची आहे. त्याच सूचीतील ६४ वी नोंद सांगते की, राज्यसूचीतील विषयांवर केलेल्या कायद्यांचा भंग हा गुन्हा ठरवण्याचा अधिकारही राज्य विधिमंडळाचाच. म्हणजे महाराष्ट्रात जुगार कशाला म्हणायचे आणि त्याला किती शिक्षा द्यायची, हे ठरवण्याची जागा विधानसभा आणि विधान परिषद ही आहे. केंद्र किंवा राज्य सरकारने चालवलेल्या लॉटऱ्या तेवढ्या वेगळ्या ठेवल्या आहेत. त्या केंद्रसूचीत येतात आणि त्यांच्यासाठी संसदेने १९९८ मध्ये स्वतंत्र कायदा केला. म्हणून १९६९ पासून चालत आलेली महाराष्ट्र राज्य लॉटरी कायदेशीर आहे, आणि तिकिटांशिवाय चालणारा खासगी आकडा बेकायदेशीर.

या अधिकाराला घटनेने एक भक्कम कुंपणही घातले आहे. अनुच्छेद २० सांगतो की, कृत्य करताना जो कायदा अमलात होता त्याचा भंग झाला असेल तरच माणसाला दोषी ठरवता येईल, आणि त्या वेळच्या कायद्यात जेवढी शिक्षा होती त्याहून जास्त देता येणार नाही. याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. मंत्र्यांनी सभेत घोषणा केली म्हणून एखादी गोष्ट गुन्हा होत नाही. शासन निर्णय काढून नवी कैद निर्माण करता येत नाही. तहसीलदार, ठाणेदार, सरपंच यांच्यापैकी कोणालाही स्वतःच्या मनाने दंडाचा आकडा ठरवता येत नाही. सरकार नियम करू शकते, पण मूळ कायद्याने जेवढी मुभा दिली असेल तेवढ्यातच.

गावकीलाही हे लागू आहे. अड्ड्यावर सापडला म्हणून गावाने एखाद्याला पाच हजारांचा दंड ठोठावणे आणि तो भरेपर्यंत त्याच्या घरी कोणी जायचे नाही असा ठराव करणे, हे प्रकार अजूनही ऐकू येतात. हेतू कितीही चांगला असला तरी तो अधिकार गावकीला नाही. उलट महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली वाळीत टाकणाऱ्यांनाच तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पावसावरची पैज आणि कायद्याची दुरुस्ती

कायद्यात नाव नसलेल्या गोष्टीसाठी शिक्षा देता येत नाही, हे मुंबई इलाख्याने फार आधी अनुभवले आहे. १८८७ मध्ये इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा झाला. त्या काळी मुंबईत पावसावर पैजा लावण्याचे मोठे वेड होते. ठरलेल्या वेळेत पाऊस पडेल की नाही, अमुक छपरावरून पाणी वाहील की नाही, यावर पैसे लागत. पोलिसांनी खटले भरले. १८८९ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने पाहिले की कायद्याच्या शब्दांत पावसावरची पैज बसत नाही. न्यायालयाने शब्द ताणून शिक्षा दिली नाही. मग १८९० मध्ये विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली आणि पावसाची पैज त्यात आणली.

आजही या कायद्यातली जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या वाचली तर कापूस, अफू अशा मालाच्या बाजारभावातील चढउतारावर, पाऊस पडण्या-न पडण्यावर, पावसाच्या प्रमाणावर, आकड्यांवर आणि चित्रांवर लावलेल्या पैजा तिथे एकेक करून नोंदलेल्या दिसतात. ही यादी म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांत लोकांनी काढलेल्या नव्या वाटा आणि विधिमंडळाने त्यांच्यामागून टाकलेली पावले आहेत. भातसा, तानसा आणि वैतरणा यांच्या पाणलोटात राहणाऱ्या, पावसावरच वर्षाचे गणित मांडणाऱ्या शहापूरकरांना पावसावर पैसे लावायचे सुचणे अवघड वाटेल. पण कायदा कसा वाढतो हे समजायला याहून चांगले उदाहरण नाही: आधी न्यायालयाने आपली मर्यादा पाळली, मग लोकप्रतिनिधींनी आपले काम केले.

१८८७ चा कायदा काय सांगतो

हाच कायदा आज महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम या नावाने लागू आहे. शहापूर, वाशिंद, कसारा, किन्हवली, मुरबाड किंवा टोकावडे यांपैकी कोणत्याही पोलीस ठाण्यात जुगाराचा गुन्हा नोंदला की बहुतेक वेळा याच कायद्याची कलमे लागतात. त्यातली चार-पाच कलमे समजली की बाकीचे चित्र स्पष्ट होते.

चौथे कलम अड्डा चालवणाऱ्यासाठी आहे. जागा उघडणारा, चालवणारा, स्वतःची जागा त्यासाठी वापरू देणारा आणि पैसा पुरवणारा हे सगळे त्यात येतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. पहिल्या गुन्ह्याला किमान तीन महिने कैद आणि पाचशे रुपये दंड, दुसऱ्याला सहा महिने आणि हजार रुपये, तिसऱ्या आणि त्यापुढच्या गुन्ह्याला नऊ महिने आणि दोन हजार रुपये. पाचवे कलम अड्ड्यावर सापडलेल्या माणसासाठी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद. पहिल्या वेळी किमान एक महिना आणि दोनशे रुपये दंड. खेळ चालू असताना जो तिथे सापडेल तो खेळायलाच आला होता असे कायदा गृहीत धरतो. मी फक्त बघत होतो, हे सिद्ध करण्याचे ओझे त्या माणसावर येते. सहाव्या कलमाखाली झडती झाली आणि पत्ते, फासे, चिठ्ठ्या, हिशेबाच्या वह्या सापडल्या, तर ती जागा अड्डाच आहे असे सातव्या कलमाने मानले जाते. साध्या फौजदारी खटल्यात सरकारला सगळे सिद्ध करावे लागते. इथे तराजू आधीच थोडा कलता ठेवला आहे.

झडतीसाठी मात्र कायद्याने दारावर पहारा ठेवला आहे. या कायद्यातली सर्वात मोठी शिक्षा दोन वर्षांची आहे. तीन वर्षांहून कमी शिक्षेचे गुन्हे, त्या कायद्यात वेगळे सांगितले नसेल तर, अदखलपात्र मानले जातात. म्हणून कोणाच्याही घरात शिरण्यासाठी जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक यांच्यासारख्या अधिकाऱ्याचे त्या प्रकरणापुरते विशेष वॉरंट लागते, आणि ते बजावणारा अधिकारी उपनिरीक्षकाहून खालच्या दर्जाचा चालत नाही. शहापूर आणि मुरबाड ठाणे शहराच्या पोलीस आयुक्तालयात येत नाहीत, म्हणून इथे पोलीस अधीक्षक, ठाणे ग्रामीण यांचा संबंध येतो. ज्याच्या घरात छापा पडतो त्याने वॉरंट दाखवा असे विनयाने विचारणे हा त्याचा हक्क आहे.

रस्त्यावर, बाजारात, यात्रेत चालणाऱ्या जुगाराला ही अट नाही. बाराव्या कलमाने पोलिसांना सार्वजनिक जागी खेळणाऱ्याला वॉरंटशिवाय पकडता येते. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात खांबलिंगेश्वराची म्हसा यात्रा भरते, गुरांचा बाजार लागतो, लांबलांबून माणसे येतात. अशा यात्रेत सोरटचा तक्ता मांडून बसणारा किंवा चक्र फिरवून पैसे लावायला सांगणारा याच कलमात सापडतो. रस्त्यावर कोंबड्यांची किंवा जनावरांची झुंज लावणेही याच कलमात आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने अशी झुंज वेगळा गुन्हा ठरवली आहे, पण तिथे पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे.

पहिल्या प्रसंगातल्या ओटीवरच्या डावाचे काय? पत्त्यांच्या खेळाच्या बाबतीत कायदा अड्डा म्हणतो तो जागेच्या मालकाच्या किंवा चालकाच्या फायद्यासाठी खेळाचे साहित्य ठेवलेल्या जागेला. घरची माणसे आपसात खेळली आणि त्यातून घरमालकाने काही कापून घेतले नाही, तर ते घर सहसा अड्डा ठरत नाही. पण प्रत्येक डावामागे जागेचे म्हणून वीस रुपये बाजूला पडू लागले की तीच ओटी चौथ्या कलमात जाते. कायद्याचा रोख खेळापेक्षा खेळावर कमावणाऱ्याकडे आहे, हे इथे नीट दिसते. हा रोख योग्य आहे. अडचण अशी की प्रत्यक्ष शिक्षेत तो टिकत नाही.

एका चिठ्ठीचा हिशेब

मटका हा आपल्या भागात सगळ्यात खोल मुरलेला जुगार. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडणारा आणि बंद होणारा भाव मुंबईला तारेने यायचा, त्यावर पैजा लागायच्या. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत याने वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्री याने आपला स्वतंत्र मटका सुरू केला. आकडे मडक्यातल्या चिठ्ठ्यांमधून आणि पुढे पत्त्यांमधून निघू लागले. टपऱ्यांवर आजही ज्याला कल्याण बाजार म्हणतात त्याला नाव मिळाले ते या कल्याणजीचे. कल्याण शहराशी त्याचा संबंध नाही.

चिठ्ठीवर काय असते? एकपासून शून्यापर्यंतचा एक आकडा, किंवा ओपन (पहिला) आणि क्लोज (दुसरा) मिळून दोन आकड्यांची जोडी, पुढे लावलेली रक्कम. आकडा काढताना तीन पत्ते घेतात, त्यांची बेरीज करतात आणि शेवटचा अंक धरतात. पाच, सहा, आठ निघाले तर बेरीज एकोणीस, आकडा नऊ. अशा तीन-तीन पत्त्यांच्या पानांची संख्या २२० होते आणि प्रत्येक आकड्याच्या वाट्याला बरोबर २२ पाने येतात. म्हणजे दहाही आकड्यांची शक्यता सारखी. पण लागलेल्या आकड्याला पैसे मिळतात ते साधारण नऊपट.

आता हिशेब करा. दहा माणसांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर शंभर-शंभर रुपये लावले. हजार जमले, एकाला नऊशे मिळाले, शंभर वर गेले. कोणीही जिंकले तरी शंभर वर जातातच. खेळणारा तेवढ्यावर थांबत नाही, हे खरे दुखणे आहे. सरासरी धरली तर प्रत्येक फेरीला दहा टक्के झडतात, आणि हातात आलेले पुन्हा लावत गेले की दहा फेऱ्यांनंतर शंभरातले सुमारे ३५ रुपये उरतात, वीस फेऱ्यांनंतर १२. इथे नशीब, अभ्यास, चार्ट, स्वप्नात दिसलेला आकडा यांतले काही उपयोगी पडत नाही. भिंतीवर लावलेले जुन्या निकालांचे तक्ते पुढचा आकडा सांगू शकत नाहीत. असे तक्ते, असे कागद छापून किंवा वाटून जुगाराला मदत करणे हा मात्र कलम १२-अ खाली गुन्हा आहे, वॉरंटशिवाय अटक होऊ शकते आणि शिक्षा अड्डेवाल्याइतकीच आहे.

चौथ्या कलमाच्या किमान दंडाकडे आता पुन्हा पाहा. पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपये. ज्याच्या एका टपरीवर दिवसाला त्याच्या कित्येक पट रक्कम लिहिली जाते, त्याला हा दंड म्हणजे धंद्याचा खर्च. आणि दोनशे रुपये दंड व महिनाभर कैद ही वीटभट्टीवर बयाणा घेऊन गेलेल्या कातकरी मजुरासाठी काय आहे? त्याची मजुरी बुडते, भट्टीमालकाचे कर्ज तसेच राहते, घरात चूल पेटत नाही. एकाच कायद्याच्या दोन शिक्षा, आणि हलक्या गुन्ह्याची शिक्षा जड. शिक्षेचे वजन कागदावरच्या रुपयांनी मोजता येत नाही. ते ज्याच्यावर पडते त्याच्या ताकदीने मोजावे लागते.

कौशल्य, घोडे आणि बैल

निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागूच होत नाही, असे त्याचे तेरावे कलम सांगते. यावर न्यायालयांत पुष्कळ खल झाला. आंध्र प्रदेशातील एका क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले. त्याच निकालात तीन पानांच्या खेळाला न्यायालयाने नशिबाच्या बाजूला ठेवले. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीवरील पैजही कौशल्यात मोडते असे न्यायालयाने ठरवले. महाराष्ट्रात परवाना असलेल्या रेसकोर्सवर, शर्यतीच्या दिवशी, ठरवून दिलेल्या आवारात लावलेली पैज कायद्याच्या व्याख्येतूनच वगळलेली आहे. म्हणून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जे चालते तेच आसनगावच्या नाक्यावर बिनपरवाना बुकीकडे केले तर गुन्हा होतो. परवाना देण्याचा अधिकार सरकारचा आहे, आणि परवान्याची ही एक ओळ माणसाला गुन्हेगार होण्यापासून वाचवते किंवा गुन्हेगार ठरवते.

बैलगाडा शर्यतीचेही असेच. महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राण्यांविषयीच्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. या दुरुस्तीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि अटी पाळून शर्यत भरवता येते. अटी मोडल्या तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. शर्यत परवानगीची असली तरी घाटावर उभे राहून बैलांवर पैसे लावणे मात्र जुगारच राहते. पाच लाखांचा दंड ठरवणारे हेच विधिमंडळ, हे लक्षात ठेवायला हवे. मनात आणले तर शिक्षेचा आकडा आजच्या काळाशी जुळवता येतो.

अंमल सुरू करण्याची किल्ली

विधिमंडळ कायदा करते, पण तो कधीपासून लागू करायचा हे ठरवण्याचे काम अनेकदा सरकारवर सोपवले जाते. सरकारने राजपत्रात अधिसूचना काढली की कायदा जिवंत होतो. ही किल्ली किती मोठी आहे ते महाराष्ट्राच्या कॅसिनो कायद्याने दाखवले. १९७६ मध्ये कॅसिनोंचे नियंत्रण आणि कर यांसाठी राज्यात कायदा मंजूर झाला. पण त्याची तारीख ठरवणारी अधिसूचना कोणत्याही सरकारने काढली नाही. सत्तेचाळीस वर्षे तो पुस्तकात पडून राहिला. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला.

शेजारच्या गोव्याने १९७६ मध्येच जुगारबंदीचा कायदा केला आणि पुढे दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ आणि पाण्यावरच्या जहाजांत कॅसिनो यांना वाट करून दिली. एकाच पश्चिम किनाऱ्यावर, एकाच घटनेखाली, मांडवी नदीतील जहाजावर जे परवान्याने चालते ते आपल्याकडे तुरुंगात नेते. राज्यांना हा अधिकार घटनेने दिला आहे, म्हणून दोन्ही गोष्टी वैध आहेत. हा वाद प्राचीनही आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जुगारासाठी स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे, जुगार एकाच ठिकाणी चालावा, इतरत्र खेळणाऱ्याला बारा पण दंड व्हावा आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राज्याने घ्यावेत असे म्हटले आहे. मनुस्मृती मात्र राजाने जुगार राज्यातून हाकलावा असे सांगते. नियमन करायचे की बंदी घालायची, याचा निर्णय नेहमीच राज्यकर्त्यांच्या हाती राहिला आहे. महाराष्ट्राने बंदी निवडली. बंदी निवडली असेल तर ती नीट राबवली पाहिजे.

मोबाइलने ओलांडलेली हद्द

राज्याचा कायदा राज्याच्या हद्दीत चालतो. मोबाइलवरचा खेळ कोणत्या शहरातून चालतो ते खेळणाऱ्याला ठाऊक नसते. हा प्रश्न मोबाइलच्या आधीही आला होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात आर. एम. डी. चमारबागवाला यांचे बंगळूरहून निघणारे वृत्तपत्र शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा चालवी आणि मुंबई राज्यातले लोक हजारोंनी त्यात भाग घेत. मुंबई सरकारला त्यावर कर आणि नियंत्रण लावता येईल का? १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. प्रवेशिका आणि पैसे मुंबई राज्यात गोळा होत असतील तर मुंबईच्या कायद्याला तिथे हात घालता येतो. आणि जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाही, म्हणून व्यवसायाच्या मूलभूत हक्काची ढाल त्यापुढे धरता येत नाही.

मोबाइलच्या खेळांवर मात्र केंद्राने पाऊल उचलले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची त्याला संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, चालवायला या कायद्याने बंदी घातली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यालाही तीन वर्षे आणि एक कोटीची मर्यादा. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याला बळी मानले आहे. राज्याच्या विषयात संसदेने हात घातला का, यावर या कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आहेत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे ११२ वे कलमही लक्षात घ्यायला हवे. टोळीने केलेला बेकायदा जुगार किंवा सट्टा तिथे किरकोळ संघटित गुन्हा ठरतो आणि शिक्षा एक ते सात वर्षे आहे. म्हणजे आज तीन वेगवेगळी मापे शेजारी शेजारी उभी आहेत: १८८७ च्या कायद्यातले पाचशे रुपये, न्याय संहितेतली सात वर्षे आणि २०२५ च्या कायद्यातले एक कोटी. यांतल्या पहिल्यात खेळणाराही गुन्हेगार आहे, शेवटच्यात नाही. टपरीवर शंभर रुपये लावणारा मुरबाडचा हमाल तुरुंगात जाऊ शकतो आणि मोबाइलवर पन्नास हजार घालवणारा नोकरदार जाणार नाही. हा भेद कोणत्याही न्यायाच्या तत्त्वात बसत नाही.

काय व्हायला हवे

महाराष्ट्र विधिमंडळाने १८८७ च्या कायद्याला ठिगळे लावणे थांबवून नवा कायदा करावा. त्यात चालवणारा, पैसा पुरवणारा, लिहिणारा आणि खेळणारा यांच्या शिक्षा वेगवेगळ्या पायऱ्यांवर ठेवाव्यात. चालवणाऱ्याचा दंड त्याच्या उलाढालीच्या पटीत असावा आणि जुगारातून मिळवलेली मालमत्ता जप्त व्हावी. पहिल्यांदा सापडलेल्या खेळणाऱ्याला कैदेऐवजी समुपदेशनाकडे पाठवावे. पाच लाखांचा आणि कोटींचा दंड ठरवण्याची ताकद लोकप्रतिनिधींकडे आहे, हे त्यांनी दाखवून दिले आहे. शहापूर आणि मुरबाडच्या आमदारांकडे हीच मागणी लेखी करायला हवी.

तोपर्यंत गावाच्या हातातही पुष्कळ आहे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडमधली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभांना दारू, गावचा बाजार आणि सावकारी यांवर नियंत्रणाचे अधिकार दिले आहेत. जुगाराची शिक्षा ठरवण्याचा अधिकार त्यात नाही, पण आपल्या बाजारात कोणता तक्ता मांडायचा नाही आणि कोणत्या सावकाराचे कर्ज बेकायदा आहे, हे ठराव करून संबंधित खात्याला कळवणे ग्रामसभेच्या पुरेपूर हातात आहे. पोलीस पाटलामार्फत अड्ड्याची माहिती ठाण्यात लेखी द्यावी; तातडी असेल तर ११२ वर फोन करावा. गावाने स्वतः दंड गोळा करू नये.

जुगारातल्या उधारीपायी जमीन, दागिने किंवा पुढची मजुरी लिहून देणाऱ्या प्रत्येकाने हे जाणून घ्यावे: भारतीय करार कायद्याच्या तिसाव्या कलमाप्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो आणि जिंकलेली रक्कम न्यायालयातून वसूल करता येत नाही. जुन्या मुंबई इलाख्याच्या १८६५ च्या कायद्याने त्या पैजेला पूरक असे करारही त्यातच टाकले आहेत. बिनपरवाना सावकारी हा २०१४ च्या सावकारी कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे; तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे करता येते. ऑनलाइन खेळात फसवून पैसे काढले गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. आणि घरातला कोणी खेळाच्या आहारी गेला असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ वर मोफत बोलता येते, मराठीतही.

शिक्षा ठरवण्याचा अधिकार आपण निवडून दिलेल्यांकडे आहे. पुढच्या ग्रामसभेत एक ठराव मांडा, त्याची प्रत आमदारांना आणि पोलीस ठाण्याला द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.